बिनकडीचं कवाड

फानचा नवरा मेल्यानंतर बारा वेळा घरी येऊन गेला होता. यिनचा नवरा एकदाही आला नव्हता.

फान म्हणजे यिनची शेजारीण. दोघींच्या अंगणांमध्ये मातीची एकच भिंत होती आणि ती फानच्या हनुवटीपर्यंत येत असे. सकाळी त्या भिंतीवर आधी फानचा अंबाडा दिसायचा, मग कपाळ, मग सगळं तोंड, आणि तोंड दिसायच्या आत बोलणं सुरू झालेलं असायचं.

"काल परत आले होते गं आमचे. पेज अळणी झाली म्हणाले. मेला तरी जिभेचं वेड गेलं नाही बघ माणसाचं!"

"काय सांगतेस," यिन म्हणायची.

"खोटं कशाला बोलू? स्वप्नात समोर बसून वाडगा चाटून पुसून खाल्लाय. आणि तुझे? तुझे नाही आले अजून?"

"कामात असतील," यिन सांगायची आणि राळे निवडायला खाली मान घालायची.

मेलेल्या माणसाला काय काम असतं, हे फानने कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर यिनला काही सांगता आलं नसतं.

यिनच्या नवऱ्याला, चुंगला जाऊन तीन वर्षं झाली होती. वर्षअखेरच्या पूजेला यिन सगळं चुंगच्या आवडीचं करायची. राळ्याची घट्ट पेज, मेंढीच्या मानेचं मटण, वाफवलेली बोरं. ताट दारापाशी मांडायची, दार उघडं ठेवायची आणि थंडीने दात वाजत असताना मुद्दाम लवकर झोपायची, म्हणजे स्वप्नाला वेळ मिळेल. स्वप्नं पडायची. एकदा शेळ्या दिसल्या. एकदा वस्तीचा कारभारी दाढ धरून रडताना दिसला. चुंग काही दिसला नाही. सकाळी ते गारठलेलं मटण एकटीने खाताना तिला इतका राग यायचा, की ती रिकाम्या घरात मोठ्याने बोलायची. "सत्तावीस वर्षं तुझ्या घोड्यांची लीद काढली रे मी. एकदा तोंड दाखवायला काय जातं तुझं?"

कुणी उत्तर द्यायला घरात नव्हतंच. त्यांना मूलबाळ झालं नव्हतं. चुंगचा भाऊ सरहद्दीवरच्या बुरुजावर होता, तो तिथेच गेला. यिनच्या दाराची कडी तीन वर्षांत वाजली असेल ती दोनदा, आणि दोन्ही वेळा माणूस चुकून आला होता.

त्या शरद ऋतूत वरून हुकूम आला. पश्चिमेच्या टोळ्यांचे घोडेस्वार फार आत घुसायला लागले, तेव्हा अख्खा जिल्हाच उचलून दक्षिणेला न्यायचा, असं दरबारात ठरलं. दहा दिवसांत निघायचं. उभं पीक कापून जाळायचं, घरांची छपरं पाडायची, म्हणजे शत्रूला आसरा नको आणि आपल्या माणसांना परत फिरायचा मोह नको. कारभाऱ्याने हे सगळं पिंपळाएवढ्या जुन्या बोरीच्या झाडाखाली उभं राहून वाचून दाखवलं. वाचताना तो स्वतःच दोनदा थांबला. बायका रडायला लागल्या, पुरुष शिव्या द्यायला लागले. यिनच्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि ती घराबद्दल नव्हती.

तिला डोंगराच्या उतारावरची ती दगडी खोली आठवली होती. चुंग तिथे होता, आणि त्याच्या शेजारी तिची जागा होती.

दुसऱ्या दिवशी ती हाओकडे गेली. हाओ हा त्या भागातला सगळ्यात जुना पाथरवट. थडग्यांची दगडी दारं घडवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. माणूस भांडखोर, एकटा, आणि दिवसभर दगडाची भुकटी खाऊन आवाज बसलेला. तो खाणीजवळच्या झोपडीत हत्यारं गोणपाटात गुंडाळत होता.

"भाऊ, माझी कडी कोरायची राहिलीय," यिन म्हणाली.

हाओने वर पाहिलं नाही. "राहिलेली नाही. ठेवलीय. तू मेलीस की कोरायची."

"मी मरेन तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

"मला काय माहीत? तुझ्या आधी मीच मरेन."

"तेच म्हणतेय मी."

आता हाओने वर पाहिलं.

त्या डोंगराळ मुलखात नवराबायकोसाठी दगडी खोली एकच बांधत, आणि तिला दोन कवाडं असत, एक त्याचं, एक तिचं. प्रत्येक कवाडावर जनावराचा चेहरा कोरलेला असे. वटारलेले डोळे, जाड भुवया, वळलेली शिंगं, आणि खालचा जबडा नाहीच. वरच्या दातांखाली नाकातून एक गोल कडी लोंबत असे. पण कडी कोरायची ती माणूस गेल्यावरच. तोवर तिथे दगडाची सपाट चकती सोडून देत, कारण आजूबाजूचा दगड एकदा खरवडून काढला, की नंतर कडीला दगड आणायचा कुठून? माणूस गेलं, की पाथरवट त्या चकतीचं पोट कोरून काढी आणि चकतीची कडी होई. मग त्या जनावराला आपलं माणूस कळे, आणि ते त्याला जाऊयेऊ देई. चकती असेपर्यंत ते कवाड म्हणजे भिंत. ते आतून हलत नाही, बाहेरून हलत नाही, कुणासाठीच हलत नाही.

चुंग जिवंत असताना दोघं मिळून ती दारं बघायला गेली होती. मेंढ्यांचा अर्धा कळप त्या दगडांपायी गेला होता, त्यामुळे चुंग बराच वेळ कौतुकाने बघत उभा होता. मग म्हणाला, "दोन्ही जनावरांच्या तोंडात भाकरी दिलीय हाओने. बरं झालं, उपाशी पहारा करायला नको."

यिन तेव्हा हसली होती.

"भाऊ," ती आता म्हणाली, "मी दक्षिणेत मेले, की मला तिथल्या मातीत पुरतील. कुणाच्या तरी शेताच्या बांधावर. मग मी इथे येणार. चालत येईन, मला काही घाई नाही. पण दारापाशी आल्यावर काय करू? कवाडाला कडी नाही. बाहेर बसून राहू का जन्मभर?"

"जन्म संपलेला असेल तुझा."

"तोंड सांभाळा. काय करू ते सांगा."

हाओने गोणपाटाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "जिवंत माणसाची कडी कोरत नाहीत, वहिनी. माझ्या गुरूने एकदा कोरली होती. एका सावकाराने हट्ट धरला म्हणून. वर्षाच्या आत गेला तो."

"मग? मला चालेल."

"मला नाही चालणार! माझ्या हातून माणूस जायचं आणि मी काय म्हातारपणी ते पाप घेऊन दक्षिणेला जाऊ?" तो खोकला आणि बराच वेळ खोकत राहिला. "शिवाय ती दगडाची कडी. कोरलेली. ती काय खरी आहे ओढायला? ओढून बघ जिवंतपणी, नख मोडेल."

"जिवंत माणसाला नाहीच ओढता येत," यिन म्हणाली. "मी तेव्हा जिवंत नसेन."

हाओ चिडला. "जा तू. मला गाडी भरायचीय."

"एक छिन्नी द्या मला."

"काय करणार छिन्नीचं?"

"तुम्ही कोरत नाही ना? मी कोरेन. आपली आपण कडी कोरू नये असं कुठे म्हटलंय?"

असं खरंच कुठे म्हटलं नव्हतं, कारण असं करायचं आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हाओने तिला छिन्नी दिली नाही. पण ती निघाल्यावर त्याने तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं.

तिने घोड्याचे खूर तासायची जुनी छिन्नी शोधली, कुदळ घेतली, फावडं घेतलं, दोन टोपल्या घेतल्या आणि उतारावर गेली. थडग्याच्या दारापर्यंत जायला जमिनीत तिरपा रस्ता खणलेला असतो, आणि माणूस ठेवून झालं की तो मातीने भरून धुम्मसाने ठोकून काढतात. यिनने सगळा रस्ता उकरायचा विचार केलाच नाही. दारासमोर बरोबर जागा मोजून तिने सरळ खाली खड्डा घ्यायला सुरुवात केली. पिवळी माती वरून मऊ होती, हातभर खाली गेल्यावर विटेसारखी निघायला लागली.

वस्तीत बातमी पसरायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी फान येऊन काठावर उभी राहिली. "अगं, लोक गाड्या भरतायत आणि तू इथे काय उंदरासारखी उकरत बसलीस? धान्य पुरतेस का?"

"नाही."

"मग काय, चुंगभावजींना बरोबर नेणार? हाडं उचलायची नाहीत हां, वाईट असतं ते."

"त्याला कुठे नेत नाहीये. माझं काम आहे."

फानने गाठोड्यातून दोन भाकऱ्या काढून काठावर ठेवल्या. "खा तरी. हाडं झालीत तुझी." आणि जाता जाता, सवयीने, "काल आले होते गं आमचे. मी सांगितलं त्यांना, आम्ही चाललो म्हणून. म्हणाले, येतो मागोमाग."

यिनने कुदळ इतक्या जोरात मारली, की तिच्या मनगटातून कळ गेली. तिला फानचा हेवा वाटत होता, आणि तो लपवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. असा कसा नवरा फानचा, आयुष्यभर दारू पिऊन हिला बडवणारा, आणि मेल्यावर गाडीमागून चालत येणार! आणि आपला, ज्याने कधी आवाज चढवला नाही, तो साधा विचारायलाही येत नाही, की बाई, कशी आहेस?

तिसऱ्या दिवशी कारभारी आला. त्याने खड्ड्यात डोकावून सरकारी आवाजात विचारलं, "कुणाच्या परवानगीने?"

"माझ्याच घराचं दार आहे," यिन खालून म्हणाली. "तुम्ही वरची घरं पाडा. हे माझं राहू द्या."

कारभारी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "पाच दिवस उरलेत काकू," आणि निघून गेला.

चौथ्या दिवशी दुपारी खड्ड्यावर सावली पडली. हाओ होता. त्याच्या खांद्यावर फावडं होतं आणि कमरेला हत्यारांची पिशवी.

"किती तिरका खणलायस," तो म्हणाला. "अशाने उद्या कड अंगावर येईल. बाहेर हो."

"तुम्ही कोरणार नाही म्हणालात."

"नाहीच कोरणार. खणणार नाही असं म्हणालो होतो का?"

मग दोघांनी मिळून खणलं. हाओ वर येऊन टोपली घ्यायचा, कधी ती वर आणि तो खाली. बोलणं फार नव्हतं. एकदा त्याने विचारलं, "त्याला पुरलं तेव्हा मी नव्हतो ना? मी तोवर पलीकडच्या गावी गेलो होतो."

"नव्हता तुम्ही. कडी कोरून दगड पाठवून दिलेत. बर्फ पडत होतं."

"हो. एका दिवसात कोरली होती. बोटं वळत नव्हती थंडीने."

"मी काही बघितलं नाही तेव्हा. बायकांना वरच थांबवलं होतं. आणि डोळ्यांना दिसत तरी काय होतं म्हणा."

सातव्या दिवशी सकाळी फावडं दगडाला लागलं.

यिन खाली उतरली आणि हातांनी माती बाजूला करायला लागली. आधी चौकटीचा वरचा दगड आला, मग दोन्ही कवाडांच्या माथ्यावर कोरलेले पक्षी, मग शिंगं, मग चार वटारलेले डोळे. बुबुळं काळ्या शाईने रंगवलेली होती आणि शाई अजून तशीच होती. तिने पदराने दोन्ही चेहरे पुसले. बाहेरून बघताना उजवीकडचं कवाड चुंगचं, डावीकडचं तिचं, हे तिला पाठ होतं. आत झोपलेल्या माणसाच्या डाव्या हाताला पुरुषाचं कवाड असतं, मग ते बाहेरून उजवीकडे येतं. तिने डावीकडच्या जनावराच्या दातांखालची माती बोटाने उकरली, चकती कुठे आहे ते बघायला.

बोट आत गेलं.

तिथे कडी होती. सुबक, गोल, मधला दगड नीट खरवडून काढलेली.

तिला वाटलं, आपलं डावंउजवं चुकतंय. ती वळली, थडग्याकडे पाठ करून उभी राहिली, हात वर करून खात्री केली, आणि पुन्हा वळली. मग तिने उजवीकडचं, चुंगचं कवाड खालपर्यंत मोकळं केलं.

तिथे चकती होती. सपाट, भरीव, जशी पहिल्या दिवशी होती तशी.

"भाऊ," तिने हाक मारली. "खाली या."

हाओ खाली आला. त्याने पाहिलं. तो गुडघ्यांवर बसला, आणि त्या अरुंद खड्ड्यात दोन्ही हात पुढे करून हवेतच काहीतरी मांडायला लागला. एक दगड इथे, दुसरा इथे, आणि आपण इथे.

"डोक्याकडे बसलो होतो," तो अखेर म्हणाला.

"काय?"

"दगड आडवे पाडून कोरतो ना आम्ही. दगडाच्या खालच्या टोकाला, पायांकडे बसायचं, म्हणजे डावं ते डावं राहतं. त्या दिवशी पायांच्या बाजूला बर्फ साठलं होतं. मी डोक्याकडे बसलो. शेकोटी तिकडे होती." त्याचा बसका आवाज आणखी बसला. "उलट्या बाजूने बसलं, की या हाताचं त्या हाताला जातं. चाळीस वर्षं काम करतोय मी. पोरंसुद्धा अशी चूक करत नाहीत."

यिनला समजायला थोडा वेळ लागला. आधी समजलं ते सोपं होतं. "म्हणजे माझी कडी तुम्ही तीन वर्षांपूर्वीच कोरलीत."

"हो."

"आणि मी मेले नाही."

"नाही."

"म्हणजे तुमच्या रीतीप्रमाणे मी मेलेलीच होते की काय इतके दिवस?" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला जाणवलं, की यात हसण्यासारखं फार काही नाही. तीन वर्षांत ती मेली असती, तरी फान सोडून कुणाला दोन-चार दिवस कळलंही नसतं.

मग दुसरं समजलं, आणि तिचं हसू थांबलं.

चुंगच्या कवाडाला कडी नव्हती. ते कवाड भिंत होतं, आणि तिच्या कवाडावरचं जनावर तिच्याशिवाय कुणाला जाऊ देणार नव्हतं. तो आत होता, तीन वर्षं आत होता, आणि बाहेर यायला त्याला वाटच नव्हती.

ती दारासमोर बसली. पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून गुडघे छातीशी घेऊन. "मी तुला काय काय बोलले रे," ती म्हणाली. "बाहेर ताट मांडायचे आणि तुला शिव्या द्यायचे. निर्लज्ज म्हटलं. मेल्यावर विसरला म्हटलं. आणि तू इथे..." तिने चकतीवर तळहात ठेवला. दगड थंड होता. ती मोठ्याने रडली, तीन वर्षांत रडली नव्हती अशी, आणि रडताना तिला सुटल्यासारखंही वाटत होतं. तो विसरला नव्हता. तिला एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं होतं.

हाओ तोवर पिशवी सोडून हत्यारं काढत होता. "बाजूला हो वहिनी. माणूस मेलेला आहे, कडी त्याची आहे, यात काही अशुभ नाही. मी आत्ता कोरतो. दुपारपर्यंत होईल. माणसाला कोंडून ठेवलं मी, अरे देवा, तीन वर्षं कोंडून ठेवलं!"

"कोरा," यिन म्हणाली आणि पदराने तोंड पुसत उभी राहिली. "आधी ते कोरा. आज येऊ दे त्याला. आज रात्री मी घरीच झोपते."

हाओने चकतीच्या मध्यावर खिळा टेकवला, त्याला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला कोळसा धरून आतलं वर्तुळ काढलं. वर्तुळ एका जागी चुकलं, त्याने थुंकी लावून पुसलं आणि पुन्हा काढलं. यिन त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिच्या डोक्यात ताटाची तयारी सुरू झाली होती. मटण कुठून आणायचं आता? फानकडे वाळवलेलं असेल. राळे आहेत. बोरं आहेत.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूने मोठा आवाज झाला. आधी एक कडाका, मग बराच वेळ काहीतरी घसरत पडत राहिल्याचा. यिन टोपल्यांच्या दोरीला धरून वर आली.

सैनिक छपरं पाडत होते. त्यांनी वरच्या टोकापासून सुरुवात केली होती आणि वरच्या टोकाला पहिलं घर तिचं होतं. मधलं आढं ओढून काढलं होतं, धुळीचा पिवळा लोट अंगणातून वर चढत होता. एक सैनिक तिच्या दाराचं लाकूड मोडून ढिगावर टाकत होता. पलीकडे फान भिंतीपाशी उभी होती आणि त्या सैनिकाला काहीतरी ओरडून सांगत होती. भिंत मात्र अजून होती.

यिन बघत राहिली. राग आला नाही. हे होणार होतं, हे तिला हुकूम आल्यापासून माहीत होतं.

मग तिच्या मनात चुंग आला. स्वप्नातला नाही, रोजचा. ज्याला घरातली एकही वस्तू कधी स्वतःहून सापडली नाही तो चुंग. मीठ समोर असलं तरी "यिन, मीठ कुठंय?" विचारणारा. बाजारातून येताना वाट बदलली, तर दोन गावं पलीकडे जाऊन पोहोचणारा आणि तिथे कुणाच्या तरी ओट्यावर, ती शोधत येईपर्यंत शांत बसून राहणारा. घोडे त्याला घरी आणायचे, म्हणून इतकी वर्षं निभावलं. आज त्याची कडी झाली, तर तो आजच येईल. तीन वर्षं कोंडलेला माणूस थांबेल कशाला? उतार उतरून खाली येईल आणि तिथे घर नसेल. परवा आला, तर वस्तीच नसेल. तो मातीच्या ढिगाऱ्यात उभा राहील, आणि "यिन, यिन" करत कुणाला विचारेल, काय विचारेल? त्याला बरोबर चल म्हणावं, तर मुक्काम कुठे पडणार हे तिलाच ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

खालून छिन्नीचा पहिला ठोका ऐकू आला.

"थांबा!" ती ओरडली. "भाऊ, हात थांबवा!"

ती खाली उतरली तेव्हा हाओने छिन्नी उचलून धरली होती. चकतीच्या कडेला राळ्याच्या दाण्याएवढा एक टवका उडाला होता, बाकी ती शाबूत होती.

"काय झालं?"

"कोरू नका."

"वहिनी, वेड लागलं का? एवढं खणलंस, एवढं रडलीस. तो येईल म्हणून..."

"येईल म्हणूनच." तिला धाप लागली होती. "घर पाडलं माझं. तो येईल आणि बाहेर काहीच नसेल. आत आहे तोवर त्याला वाटेल, सगळं जिथल्या तिथे आहे. मी घरात आहे, घोडे तबेल्यात आहेत. वाटू दे."

"त्याला दार उघडत नाही, तो काय म्हणत असेल तुला? तीन वर्षं तू त्याला शिव्या दिल्यास, आता तो तुला देत असेल."

"देऊ दे. मीच येऊन ऐकेन. माझी कडी आहे ना?"

हाओने डावीकडच्या कवाडाकडे पाहिलं. आपल्या चुकीकडे तो पहिल्यांदाच नीट बघत होता. "दक्षिणेतून इथवर चाळीस दिवसांची तरी वाट असेल, वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग काय झालं? मला रस्ता सापडतो. त्याला नाही सापडत."

हाओने खिळा काढला, दोरी गुंडाळली आणि अंगठ्याने ते कोळशाचं वर्तुळ पुसून टाकलं. "मी वर थांबतो," तो म्हणाला, आणि खड्ड्यातून वर चढला. म्हाताऱ्याला चढायला वेळ लागला.

यिन एकटी उरली. तिला खूप काही सांगायचं होतं. हुकुमाबद्दल, फानबद्दल, विकून टाकलेल्या तांबड्या घोडीबद्दल. पण एकदा बोलायला लागलो, तर आपण इथून उठणार नाही, हे तिला कळत होतं. वरून हाओने माती लोटायला फावडं हातात घेतलं होतं, पण तो थांबला होता, ती म्हणेपर्यंत थांबणार होता. तिने चुंगच्या कवाडाला कपाळ टेकवलं आणि नेहमी घरात बोलायची त्याच आवाजात बोलली.

"तू आतच थांब हां. मी येते. बाहेर येऊ नकोस, बाहेर आता कुणीच नाही."